युद्धाच्या सिनेमातला कोनाडा

सिनेमातली पहिली चूक सोयाबीनची होती. नायक दुसऱ्या महायुद्धावर निघालाय, आई बांधावर उभी राहून पदर डोळ्याला लावतेय, आणि दोघांच्या मागं लांबवर पसरलेलं हिरवंगार सोयाबीन. आमच्या भागात सोयाबीन आलं ते मी शाळेत असताना. त्याआधी त्या रानात ज्वारी, तूर, करडई. शूटिंग चालू असताना मी हे दिग्दर्शकाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हिरवं दिसतंय ना? मग झालं."

तिथून आमचं भांडण सुरू झालं.

मी तेव्हा बिदर जिल्ह्यात बसवकल्याणला कॉलेजात शिकत होते आणि पत्रकं काढत होते. शिष्यवृत्ती अडकली, पत्रक. गल्लीतला हातपंप बंद, पत्रक. बसस्टँडवर बायकांच्या मुतारीला कुलूप, पत्रक. कुलूप निघालं, पण आत पाणी नव्हतं, म्हणून आणखी एक पत्रक. छापायला हद्द ओलांडून महाराष्ट्रात उमरग्याला जायचे, कारण तिथल्या एका जुन्या छापखान्यात मराठी अक्षरांचे खिळे भरपूर होते. मालक मजकूर वाचून दर वेळी एकच विचारायचा, "उद्गारचिन्हं जरा कमी करू का? खिळे पुरत न्हाईत." मी नाही म्हणायचे.

सिनेमा होता आमच्या गल्लीतल्या अक्काच्या वडिलांवर. अक्का साठीतली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेली, आणि सगळ्या गल्लीची अक्का. गल्ली आमची, बौद्धांची. वडिलांना ती अप्पा म्हणायची. अप्पा महायुद्धाच्या काळात पलटणीत भरती झाले आणि तिथं त्यांना वायरलेसच्या कामाला घेतलं. कानाला यंत्र लावून जपान्यांचे संदेश ऐकायचे आणि जसे ऐकू येतील तसे पेन्सिलीनं कागदावर उतरवायचे. असे कितीतरी जण एका लांब खोलीत ओळीनं बसलेले. मजकूर सांकेतिक, त्यामुळं अर्थ काहीच कळायचा नाही. पण पाठवणारा कोण, हे अप्पांना कळायचं. बटण दाबायची प्रत्येकाची ढब वेगळी. त्यातला एक जपानी गडी मधेच अडखळायचा, गाडीचं चाक खड्ड्यात जावं तसा. एकदा तो नव्याच ठिकाणाहून, नव्याच सांकेतिक लिपीत बोलायला लागला. अप्पांनी साहेबाला सांगितलं, हा तोच. साहेबांनी त्याचे जुने कागद काढून नव्याशेजारी ठेवले. गड्यानं एकच मजकूर जुन्या आणि नव्या, दोन्ही लिप्यांत पाठवला होता. जुनी साहेबांना येत होती. त्यावरून नवी फुटली.

एवढीच गोष्ट. अप्पांनी अक्काला सांगितलेली, अक्कानं आम्हाला.

गावात यावर कुणाचा विश्वास नव्हता. काम गुप्त असल्यामुळं कागद काही नाही, पेन्शन साध्या शिपायाची. वरच्या गल्लीचं म्हणणं असं, की ह्या लोकांना पलटणीत घेऊन काय करायला लावणार, भांडी घासली असतील. 'भांडेवाल्याची पोरगी' हे अक्कानं शाळेत ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, आणि अंगणवाडीतली पोरं सांभाळताना त्यांच्या आज्यांकडूनही ऐकलं. अप्पा ह्या विषयावर कधी भांडले नाहीत. अक्का भांडली, पण तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं.

मग अप्पांच्या बरोबर त्या खोलीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं लातूरकडच्या एका पेपरात आठवणी सांगितल्या. 'बिदरकडचा एक जण' असा त्यात उल्लेख होता. ते वाचून हा लातूरचा दिग्दर्शक विचारत विचारत अक्काच्या दारात आला. सीडीवरच्या सिनेमांचा जमाना होता तो. पुण्याला आणि हैदराबादला कामाला गेलेली पोरं गावी येताना सीडी प्लेअर घेऊन यायची, आणि त्यात घालायला काहीतरी लागायचं. अक्कानं शूटिंगला घर दिलं, युनिटला भाकरी दिल्या, वर विचारलं, "गावाचं नाव येतंय न्हवं सिनेमात? आणि गल्लीचं?"

"सगळं येतंय अक्का," दिग्दर्शक म्हणाला. "खऱ्या घटनेवर आधारित आहे."

आता खरी घटना कशी चालली होती ते सांगते. अप्पांच्या हातात पेन्सिलीऐवजी एक मशीन आलं होतं. जुना रेडिओ, त्याला शिलाई मशीनचं चाक आणि वरून दिवाळीच्या माळेचे दिवे. नायक चाक फिरवायचा, दिवे लागायचे, आणि जपानी लोकांचा डाव मराठीत ऐकू यायचा. लांब खोलीतले बाकीचे सगळे गायब होते. त्यांच्या जागी साहेबाची गोरी मुलगी होती, नटी सोलापूरची, तपकिरी केसांचा टोप घालून. ती नायकावर प्रेम करत होती. आणि नायकाला जपान्याची ढब ओळखू कशी आली? तर तो लहानपणी हलगी वाजवायचा म्हणून.

हे ऐकल्यावर अक्का चुलीपुढून उठून आली. "कोण वाजवायचं हलगी? अप्पाला हलगीचा राग हुता. गावकीची हलगी वाजवावं लागू न्हाई म्हून तर भरती झाला तो!"

"अक्का, लोकांना रिदम कळतो."

"कळू दे की लोकाला. माज्या बापाच्या गळ्यात कामून अडकवायलाव?"

त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. 'खोटा इतिहास बंद करा!' त्यात सोयाबीन होतं, मशीन होतं, गोरी मुलगी होती, हलगी होती. आणि शेवटी एक मुद्दा होता, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता आणि ज्यावर मी आजही ठाम आहे. युद्धावर निघण्याच्या दृश्यात घराच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो टांगला होता. आमच्या लोकांनी धम्म घेतला छप्पन्नमध्ये आणि त्यानंतर. युद्धाच्या काळात आमच्या घरांत कोनाड्यात देव होते. फोटो आधीपासूनच होता असं दाखवलं तर आमच्या आज्या-पणज्यांनी सोडलं काय? घर झाडलं, एवढंच? मी लिहिलं, 'आपण कुठून निघालो हे लपवणारा सिनेमा आपण कुठं पोचलो हेही सांगू शकत नाही!' छापखान्याच्या मालकानं हे वाक्य वाचून उद्गारचिन्हाबद्दल काही विचारलं नाही.

पत्रक बसस्टँडवर वाटलं, चिटगुप्प्याच्या बाजारात वाटलं. दिग्दर्शकानं मला बोलावून घेतलं. मला वाटलं भांडणार. त्यानं खुर्ची दिली.

"ताई, तुम्ही आता आमच्या इतिहास सल्लागार. पाटीवर नाव येईल. हलगी काढली. सोयाबीनचं बघतो. मशीन राहू द्या, त्यावर खर्च झालाय. आणि देवांचं तुमचं एकदम बरोबर आहे. फोटो काढतो, कोनाड्यात देव बसवतो. काय सीन होईल!"

माझा मुद्दा इतक्या लवकर कुणी मान्य केला नव्हता. मी आनंदानं अक्काकडं गेले.

अक्का तूर पाखडत होती. तिनं सगळं ऐकलं, सूप खाली ठेवलं.

"कुठं बसिवणार म्हणलीस?"

"आपल्या कोनाड्यात. तिथंच होते ना? खोटे आहेत, पत्र्याचे. एका दुपारपुरते."

"पत्र्याचे असू दे न्हाईतर सोन्याचे. अप्पानं आपल्या हातानं टोपल्यात भरले आन् वड्यात सोडले. मी दहा वर्षाची हुते, मागं मागं गेलते. येताना मला म्हणला, पोरी, आता ह्या उंबऱ्याच्या आत परत न्हाई. आन् मी सिनेमासाठी आत घीऊ?"

"अक्का, पण ते खरं आहे. तेव्हा होतेच ना."

"हुते. म्हून तर काढले." तिनं सूप परत उचललं. "सोयाबीनला नाव ठिवायलीस तवर चांगली हुतीस तू."

मी हे दिग्दर्शकाला कळवलं. तो चिडला नाही. त्याच्याकडं उत्तर तयार होतं. वरच्या गल्लीत एक मोठं दगडी घर होतं, तिथं देव्हारा जुना, खरा, पितळी समया वगैरे. मालक दोन दिवस घर द्यायला तयार होते. "अप्पांचं घर तेच दाखवू. तुमच्या लोकांची काही अडचण नको."

म्हणजे ज्या गल्लीनं अप्पांना भांडेवाला ठरवलं, त्याच गल्लीतून सिनेमातले अप्पा युद्धाला निघणार. आमची गल्ली सिनेमात कुठंच नाही. इतिहासाला धरून असलेला देव्हारा, आणि त्याखाली त्या घरात कधी पाऊल न ठेवलेला माणूस. त्या माणसाला त्या काळात त्या घराच्या ओसरीवरसुद्धा कुणी चढू दिलं नसतं. मी हे दिग्दर्शकाला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मग अक्कांना समजवा. मला कोनाडा पाहिजे किंवा देव्हारा. परवा कॅमेरा परत जाणार."

मी अक्काला समजवायला गेले नाही. समजवण्यासारखं माझ्याकडं काय होतं? मी फक्त जाऊन सांगितलं, की सीन वरच्या गल्लीत चाललाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्वतःच युनिट उतरलं होतं त्या शाळेत गेली. मी मागोमाग. दिग्दर्शक दात घासत होता.

"देव आणा," अक्का म्हणाली. "पर आदी त्याला वड्यात सोडायचं चित्र घ्या."

"अक्का, सिनेमा युद्धाचा आहे. हे नंतरचं झालं."

"अप्पा युद्धावरून आला, त्याच्यामागून काय झालं ते दावायचं न्हाई का? आलेला माणूस काय करतो ते बी त्याच्याच हातचं काम हाय. ते घ्या शेवटाला. पर घेताना आदी घ्या."

"आधी का?"

"तुमी देव आत आणताव, चित्र काढताव, पैसे सरले म्हून लातूरला निगून जाताव. मग ते सोडायचं ऱ्हातं. माज्या घरात ते आलेलेच दिसतेत जलमभर."

दिग्दर्शक फेस थुंकून विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "एन्डिंग वाईट नाही."

आता देव कोणते, हा प्रश्न. सल्लागार म्हणून तो माझ्याकडं आला. मी समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"काय आठवत न्हाई बाई. टाकलं तवाच इसरलाव."

"आमच्या घरात तर नव्हतंच कायी."

"बरं," मी म्हटलं, "मग मी खंडोबा मधे ठेवायला सांगते."

"मधी?" एक जण ताडकन् उठला. "मधी खंडोबा कसा? मधी मरीआई! खंडोबा उजवीकडं, घोड्याचं तोंड दाराकडं."

"दाराकडं कशाला, घोडा काय पळून जायलाय? भिताडाकडं हुतं."

"तुज्या घरात असंल भिताडाकडं. तुमचं सगळंच उलटं."

"आन् शेंदूर कोण लावायचं? तुझी माय आमच्यातून मागून न्यायची!"

शेवटी मला खाणाखुणांसकट पूर्ण कोनाडा मिळाला. त्यानंतर सगळ्यांनी पुन्हा एकदा सांगितलं की आपल्याला काही आठवत नाही, आणि हे पत्रकात घालू नको.

जुने चांदीचे टाक धनगरांच्या घरांत होते, पण पाण्यात टाकायला कोण देव उसने देईल? युनिटच्या सजावटवाल्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, खिळ्यानं ठोकून घोडा काढला, बाई काढली, पिवळा रंग मारला. मी हळदकुंकू लावायला सांगितलं, कारण त्याशिवाय ते खरे दिसेनात. माझाच आग्रह.

ओढ्याला तेव्हा पाणी होतं. कॅमेरा दगडावर लावला. खाकी कोट घातलेला नायक टोपलं घेऊन पाण्याकडं आला आणि थांबला. नायक उदगीरचा, देखणा, रोज पहिल्या शॉटआधी नारळ फोडणारा.

"मला जमणार नाही सर," तो म्हणाला.

"काय जमणार नाही? टोपलं उपडं करायचं."

"हळदकुंकू लागलंय त्यांना."

"पत्रा आहे रे तो! तेलाचा डबा!"

"काल होता सर. आज हात लागत नाही माझा. घरी आई आहे माझी." तो टोपलं छातीशी धरून उभा राहिला. खरं सांगायचं तर सबंध सिनेमात त्याच्या तोंडावर एवढा भाव दुसऱ्या कुठल्या शॉटला आला नाही.

दिग्दर्शकानं सजावटवाल्याकडं बघितलं. सजावटवाला दुसरीकडं बघायला लागला. कॅमेरावाल्याला तर कॅमेरा चालवायचा होता. मी पुढं होणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "कोट काढ बाळा."

तिनं साडीवरून तो खाकी कोट चढवला. बाह्या लांब होत्या. बांगड्या आत सारल्या. दिग्दर्शक म्हणाला, "फक्त हात घेतो. फक्त हात आणि टोपलं."

"अप्पानं झटकलं नव्हतं," ती म्हणाली. "सोडलं हुतं. तसंच करते." ती गुडघाभर पाण्यात गेली, टोपलं पाण्याला टेकवलं आणि हळूहळू कलतं केलं. पत्र्याचे देव आधी तरंगले, मग आडवे होऊन पाण्याबरोबर गेले. कुणी कट म्हणालं नाही. अक्का रिकामं टोपलं विसळून बाहेर आली.

सजावटवाला पँट वर करून खाली धावला. घोडा सापडला, बाई सापडली, बाकीचे गेले. दुपारी त्या दोघांना वाळवून कोनाड्यात बसवलं. अक्का आडवी आली नाही. "येऊ दे आता. जायाची वाट त्यास्नी माहीत हाय." पण सीन संपेपर्यंत ती अंगणात घराकडं पाठ करून बसली होती. मी देव बाहेर काढून सजावटवाल्याच्या पेटीत टाकले, तेव्हा ती झाडू घेऊन आत गेली.

सिनेमा तयार झाल्यावर समाजमंदिरात टीव्ही लावून दाखवला. संध्याकाळी गल्ली पूर्ण भरली. वरच्या गल्लीतलेही आले. त्यांच्यात एक म्हातारे होते, अप्पांच्या भांडी घासण्याची गोष्ट गावात सगळ्यात जास्त वेळा सांगितलेले. ते उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसले. स्टीलच्या पेल्यातला चहा नको म्हणाले. कागदी कप आणल्यावर घेतला.

सोयाबीन तसंच होतं. गोरी मुलगी होती. मशीनचे दिवे लागले तेव्हा बाहेरून आवाज आला, "एवढं मशीन चालवायचा व्हय तो? मग काय सादं काम न्हवतं."

मी अक्काकडं बघितलं. एवढं ऐकायला तिनं पन्नास-साठ वर्षं घालवली होती. तिनं फक्त हो म्हणायचं होतं. ती काही बोलली नाही.

शेवटी ओढा आला. खाकी बाह्या, टोपलं, पाणी. दिग्दर्शकानं हात अगदी जवळून घेतले होते. बाही ओली होऊन मागं सरकली, आणि मनगटावरचं हिरवं गोंदण पडद्यावर स्पष्ट दिसलं.

"हात बाईचा हाय की," म्हातारे म्हणाले.

"माजा हाय," अक्का म्हणाली.

"मग मशीन बी असंच नकली म्हणावं लागंल."

"मशीन खोटंच हाय. ती गोरी पोरगी बी खोटी."

म्हाताऱ्यांना हसू आलं होतं. "मग खरं काय ऱ्हायलं गं त्यात? देव टाकले ते?"

"ते तुमालाच इचारायचं. तुमी हुताव की वड्यावर. वरल्या अंगाला, बाभळीखाली हुबे हुताव. अप्पाला शिव्या देत हुताव."

म्हातारे टीव्हीकडं वळले. पडद्यावर आता नावं चालली होती.

"हुतो," ते म्हणाले. "शिव्या दिल्या. त्यानं मागं बी बघितलं न्हाई." मग, "टोपलं असं तिरकं नव्हतं धरलेलं. दोनी हातानं, सरळ धरलं हुतं."

"मला तसं आठवत न्हाई," अक्का म्हणाली. "मी मागं हुते."

"मी समोर हुतो. मला आठवतंय." त्यांनी कप खाली ठेवला. "आन् मशीन नव्हतं तर काय हुतं त्याच्या हातात?"

"पेन्सिल."

"पेन्सिलीनं कसं काय?"

कुणीतरी टीव्ही बंद केला. अक्का पुढं सरकून उंबऱ्याजवळ बसली. ते बाहेर, ती आत. आणि तिनं त्या लांब खोलीपासून सुरुवात केली.